दर दोन तासांनी

कुपोषित बाळ दवाखान्यात दाखल झालं की पहिले दोन-तीन दिवस आम्ही त्याला जे दूध देतो, ते बघून घरचे लोक नाराज होतात. एक लिटर आहार करायचा तर त्यात दूध फक्त 300 मिलिलिटर. साखर 100 ग्रॅम, तेल चार चमचे आणि बाकी सगळं उकळून गार केलेलं पाणी. काही ठिकाणी साखर थोडी कमी करून त्यात चुरमुऱ्यांची बारीक पूड घालतात. अशा 100 मिलिलिटर दुधातून बाळाला 75 किलोकॅलरी मिळतात, म्हणून जगभर त्याला एफ-75 म्हणतात. हाडाला कातडी चिकटलेल्या लेकराला आपण दवाखान्यात आणलं आणि ही सिस्टर त्याला पाणचट दूध चमच्यानं पाजतेय, तेही वाटीभरसुद्धा नाही, हे कुणाही आजीच्या जिवाला लागणारच.

चिमीच्या आजीलाही लागलं होतं. चिमी हे तिचं खरं नाव नाही, वॉर्डात आम्ही तिला तसं म्हणायचो. तेरा महिन्यांची मुलगी, वजन 5 किलो 400 ग्रॅम. दंडाला पट्टी लावली तर 10.4 सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली पट्टीचा रंग लाल असतो. पाच-सहा दिवस जुलाब, डोळे आत गेलेले, केस विरळ आणि तांबूस, ढुंगणावरची कातडी सुरकुतलेली. तिला ‘सुकटी’ झालीय, हे आजीनं घरीच ओळखलं होतं. पोटावर बेंबीच्या बाजूला डाग दिल्याच्या दोन खुणा होत्या. त्याबद्दल मी काही बोलले नाही. ज्यांच्या हाताशी दुसरं काहीच नसतं, ते जे हाताशी असतं ते करतात.

“लई घट्ट म्हशीचं दूध भेटतंय ताई हितं. मळ्यावरनं आणते. ते पाजा की,” आजी म्हणाली. आणि आईनं तोच हट्ट धरला जो आमच्याकडे येणारा प्रत्येक जण धरतो, “तिला सलाईन तरी लावा.”

दोन्ही गोष्टी प्रेमापोटी मागितलेल्या आणि दोन्ही त्या वेळी धोक्याच्या. घरात पैसा आटला की बाई आधी सण बंद करते, मग भाजी, मग दिवा लवकर मालवते, तसं उपाशी शरीर एकेक काम कमी करत जातं. हृदय हळू आणि कमी जोरानं चालतं, किडनी पाणी आणि मीठ पूर्वीसारखं बाहेर टाकत नाही, पेशींमध्ये सोडियम साठतं आणि पोटॅशियम निघून जातं. अशा शरीरात सलाईनची बाटली सोडली तर ते पाणी पेलवत नाही, हृदयच थकतं. म्हणून बाळ शॉकमध्ये नसेल तर शिरेतून पाणी द्यायचं नाही. कमी मिठाचं, जास्त पोटॅशियमचं जलसंजीवनीचं द्रावण तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं द्यायचं, तेही थोडं थोडं, नाडी आणि श्वास मोजत. घट्ट दुधाचंही तसंच. एकदम भरपूर अन्न पोटात गेलं की रक्तातले क्षार झपाट्यानं खाली येतात आणि खाऊ घातल्यानं माणूस दगावतो. 1945 मध्ये बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हा सैनिकांनी दयेपोटी आपला शिधा कैद्यांना दिला आणि तो न सोसल्यानं काही जण मेले. नंतर तिथं दूधपावडर, पीठ आणि साखरेचं एक मिश्रण वापरून पाहिलं गेलं. ते 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं मिश्रण होतं. आपल्या भुकेल्या माणसांवर जे शिकलं गेलं, ते जर्मनीतल्या भुकेल्यांपर्यंत पोहोचलं, हे मला नर्सिंग शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. पुढं वाचनात आलं आणि तेव्हापासून पाणचट दूध कालवताना मला ते आठवतं.

मी आजीला एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, “आजी, उपास सोडताना आपण एकदम पुरणपोळी खातो का? आधी लिंबूपाणी, मग पेज. हिचा उपास लई मोठा आहे.” ते तिला पटलं. आईला पटायला वेळ लागला.

चिमीचा हिशेब असा होता. दर किलोमागे दिवसाला 130 मिलिलिटर, म्हणजे दिवसाचे साधारण 700 मिलिलिटर, त्याचे बारा भाग. दर दोन तासांनी 60 मिलिलिटर. दिवसा आणि रात्रीही. रात्रीचं पाजणं चुकलं तर पहाटे बाळाची साखर उतरते, अंग गार पडतं आणि झोपलंय असं वाटणारं बाळ झोपलेलं नसतं. तीव्र कुपोषणानं दगावणारी मुलं बरीचशी पहिल्या दोन दिवसांत जातात आणि त्यातली कितीतरी पहाटेच्या सुमारास. त्यांना ताप येईलच असं नाही. शरीरात तापायलासुद्धा ताकद लागते. म्हणून ताप असो-नसो, अँटिबायोटिक सुरू करायचं. लोहाचं औषध मात्र पहिल्या आठवड्यात द्यायचं नाही, बाळ कितीही पांढरंफटक दिसलं तरी. त्या काळात ते लोह बाळाला सोसत नाही. डोक्याला टोपी, पायात मोजे, अंघोळ बंद आणि बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगानं बांधलेलं, वरून पांघरूण.

पाजायचं कसं, तेही सांगते. कारण यात घाई करणारे हात मी खूप पाहिलेत. बाटली नाही. वाटी आणि चमचा. बाळ मांडीवर थोडं उठवून धरायचं, डोकं कोपराच्या खोबणीत. चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि थांबायचं. दूध तोंडात ओतायचं नाही. पहिल्या रात्री चिमी ओठ हलवायची नाही, दूध गालावरून मानेत जायचं. मग नाकातून नळी घातली. तरी प्रत्येक वेळी आधी चमचा द्यायचा, राहिलेलं नळीनं. दुसऱ्या रात्री केव्हातरी तिच्या जिभेचं टोक चमच्याला लागलं. साठ मिलिलिटर संपायला अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला. म्हणजे दोन तासांतला पाऊण तास तयारी, पाजणं आणि पुसणं यात जातो. वॉर्डात आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी आलटून पालटून हे करत होतो आणि आई होतीच. चार बायका, एका बाळाच्या साठ मिलिलिटर दुधासाठी.

आमचा दवाखाना वढू बुद्रुकचा. हे नाव घेतलं की महाराष्ट्राला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. फाल्गुन अमावस्येला कोरेगाव भीमापासूनचा रस्ता माणसांनी भरून जातो. चिमी आली ते याच दिवसांच्या आसपास, ऊसतोडीचा हंगाम संपत आलेला. भीमेच्या काठानं पाण्याखालची जमीन, ऊस, गुऱ्हाळं, दावणीला जनावरं. पलीकडे सणसवाडी, कोरेगाव, रांजणगावचे कारखाने. शिरूर-दौंडचा हा पट्टा आज उपाशी माणसांचा मुळीच नाही. चिमीच्या कोपीपासून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीपासून, हाकेच्या अंतरावर गोठा होता आणि रोज सकाळी डेअरीची गाडी तिथून कॅन भरून न्यायची. दुधाला पैसे नव्हते असंही नाही. मुकादमानं हंगामाआधी उचल दिलेली होती, किराणा सुरू होता. मग हे बाळ वाळलं कसं?

आई मला ते सांगत गेली, एकदम नाही, पाजता पाजता तुकड्या-तुकड्यांनी. बीड जिल्ह्यातल्या आष्टी भागातलं कुटुंब. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, पाचला फडात. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. गाडी रात्री भरायची असेल तर रात्री. चिमी सहा-सात महिन्यांची असताना दसऱ्यानंतर ते इथं आले. म्हणजे वरचा आहार सुरू व्हायच्या नेमक्या वेळी. सकाळी निघताना आई अंगावर पाजायची, मग थेट दुपारी. मधल्या वेळात सात वर्षांची थोरली बहीण बघायची. ती बिस्किट चहात बुडवून द्यायची, कधी भाकरीचा कुस्करा. बाळ रडलं की ग्राइप वॉटर. दूध कमी पडायला लागलं तसं बाटली आली, बाटलीत पाण्यानं वाढवलेलं दूध आणि बाटलीबरोबर जुलाब. जुलाबानं भूक मेली, भूक मेली म्हणून खाणं आणखी कमी. लहान बाळाचं पोट मुठीएवढं असतं. आपण जे दोन-तीनदा जेवून भागवतो, ते त्याला दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्यावं लागतं, मऊ करून, समोर बसून, मन रमवत. फडात असलेल्या बाईकडं या सहा-सात वेळा नव्हत्या.

कोपीत धान्य होतं. बाळाला भरवायला मोकळे हात नव्हते. हे वाक्य मी कितीही वेळा म्हणायला तयार आहे, कारण अजूनही सभांमधून ‘आयांचं अज्ञान’ हा शब्द ऐकू येतो आणि तो ऐकला की माझं डोकं तापतं. चिमीच्या आईला सगळं माहीत होतं. अंगणवाडीत लावलेला तक्ता तिला तोंडपाठ होता, डाळीचं पाणी नको, घट्ट डाळ द्या, वर तेल-तूप घाला. ती स्वतः म्हणाली, “माहीत आहे ताई. पर बसू कवा?”

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः लहानखुरी, सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर, पण त्या मानानं अंगात चरबी राखून असलेली, हे त्यातलं गाजलेलं निरीक्षण. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, तिची चर्चा कमी झाली. गरोदरपणात ज्या बायकांना शेतातलं आणि घरचं जड काम जास्त पडत होतं, त्यांची बाळं लहान जन्मत होती. नुसतं काय खाल्लं एवढं बघून उत्तर मिळत नाही. किती राबली तेही बघावं लागतं. मला हे निष्कर्ष वाचून नवल वाटलं नाही. वॉर्डात आम्ही ते रोज बघत होतो.

वढूतलं आरोग्याचं काम ज्यांनी उभं केलं, त्या डॉ. बानू कोयाजींनाही ते दिसलं असणार. केईएमच्या प्रमुख असताना सत्तरच्या दशकात त्यांनी पुण्यातलं रुग्णालय सांभाळून इथं ग्रामीण प्रकल्प सुरू केला. डॉक्टर गावात येऊन भागत नाही, गावातल्याच बाईला शिकवायला हवं, या विचारानं त्यांनी खेड्यातल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2002 पासून इथल्या 22 गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि ये-जा यांची नोंद ठेवली जाते. आमच्या वॉर्डातली मावशी वढूचीच. तिच्या आईनं 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली. तेव्हा खायला मिळालेल्या सुकडी आणि मिलोची नावं मावशी अशी उच्चारते की ऐकणाऱ्याला त्यांची चव लागावी. तिची आणि चिमीच्या आजीची गट्टी जमली. मावशी तिला सांगायची, “तवा खायला नव्हतं म्हणून लेकरं वाळायची. आता खायला हाय आणि आई जाग्यावर न्हाई.”

तिसऱ्या दिवसानंतर चिमी चमच्यासाठी तोंड पुढं करायला लागली. ही खरी खूण. वजन नव्हे, कारण पहिल्या दिवसांत वजन वाढवायचंच नसतं. भूक परत आली की घट्ट दूध सुरू करतात, लिटरमागे 900 मिलिलिटर दूध, एफ-100. तेही लगेच पोटभर नाही, दोन दिवस हळूहळू वाढवत. मग मात्र बाळ खायला लागतं. दिवसाला किलोमागे दहा ग्रॅम वाढ चांगली मानतात, म्हणजे चिमीसाठी रोज 50-55 ग्रॅम. काट्यावर ती वाढ बघताना आई दर वेळी आकडा मोठ्यानं म्हणून घ्यायची.

जगभरच्या उपचारपद्धतीत एक पायरी अशी आहे, जिला औषध म्हणायला लोक तयार होत नाहीत. बाळाशी खेळायचं. दिवसातून पंधरा मिनिटं ते अर्धा तास, ठरवून. कुपोषित बाळ कुणाकडं बघत नाही, हात पुढं करत नाही, रडणंसुद्धा बारीक. मावशीनं रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत हरभरे घालून खुळखुळा केला. झाकण घट्ट चिकटवून, ही काळजी तिनं न सांगता घेतली. पहिले दिवस चिमी त्या आवाजाकडं मानही वळवायची नाही. मग डोळे वळले, मग हात. एका दुपारी बहीण भेटायला आली, तिनं टॉवेल तोंडावर घेऊन ‘कुक’ केलं आणि चिमी हसली. आई रडली नाही. ती म्हणाली, “आता खाईल.”

आणि याच सुमाराला मुकादम आला. माणूस वाईट नव्हता, आजीला ‘मावशे’ म्हणून विचारपूस करत होता. पण व्हरांड्यात मला म्हणाला, “सिस्टर, कधी सोडताय? खाडा पडतोय त्यांचा.” बाई दवाखान्यात म्हणजे कोयता अर्धा. ज्या दिवशी काम नाही त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो आणि उचल फिटत नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या. त्यामागं जी अनेक कारणं होती, त्यात हा खाडाही होता. पाळीसाठी, बाळंतपणासाठी, आजाऱ्यासाठी बसायला मुभा नाही. सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रात आईला बुडीत मजुरी देतात, ती चांगली सोय आहे आणि तिनं कितीतरी मुलं वाचली असतील. पण ती खाड्याची भरपाई करत नाही. दहा-पंधरा दिवस बाळाजवळ बसण्याची किंमत या कुटुंबाला कर्जात मोजावी लागते. तरी आई राहिली. नवऱ्यानं गावाकडून भावाला बोलावून अर्धा कोयता भरून काढला. नवऱ्याचं मला कौतुक वाटतं. तो रोज रात्री गाडी भरून झाल्यावर यायचा, वॉर्डाच्या दाराशी उभा राहायचा. अंगाला पाचटाचा वास येतो म्हणून आत यायला लाजायचा. आम्ही हात धुवायला लावून आत घेतला आणि रात्री दहाचं पाजणं त्याला शिकवलं. चमचा ओठाला टेकवून थांबायचं, हे त्याला बायकोपेक्षा चांगलं जमलं.

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानानं बारीक निघाली आणि 10.9 टक्के तीव्र बारीक. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारची नावं आपण या आकड्यांबरोबर घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. पण पुणे जिल्ह्यातल्या बागायती गावाच्या कडेला, कोपीत आणि वीटभट्टीवर वाढणारी मुलंही यातच आहेत. त्यांचं नाव अंगणवाडीत गावाकडं लिहिलेलं असतं आणि ती सहा महिने दुसऱ्याच तालुक्यात असतात. इथल्या सेविकेनं फडावर जाऊन त्यांचे दंड मोजले तर ती सापडतात. चिमी तशीच सापडली. आमच्या भागातली आशाताई दुसऱ्याच बाईच्या तापाची चौकशी करायला कोपीवर गेली होती, जाताना खिशात पट्टी होती म्हणून तिनं लावली. त्या बाईचं कौतुक कुठंही छापून आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

घरी जाताना चिमीचं वजन सव्वासहा किलोच्या थोडं पुढं होतं. अजून खूप बाकी होतं. गालावर बाळसं म्हणावं असं काही धरलेलं नव्हतं, पण मांडीच्या सुरकुत्या कमी झाल्या होत्या. आईला आम्ही घरी करायचं एक मिश्रण शिकवलं, भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि भाजलेली डाळ एकत्र दळून डब्यात भरायचं, वरून तेल. 2005 मध्ये नायजरमध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या लोकांनी शेंगदाण्याच्या तयार पेस्टनं हजारो मुलांवर त्यांच्या घरीच उपचार केले. तिच्यात दूधपावडर, तेल, साखर आणि क्षार-जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. आमचं मिश्रण म्हणजे ती पेस्ट नव्हे आणि तीव्र कुपोषणावर तो पुरेसा उपचारही नाही. पण शिजवावं लागत नाही, थोरल्या बहिणीला चमच्यानं भरवता येतं आणि फडात डबा सोबत नेता येतो. या घराच्या दिवसात बसेल असं काहीतरी हवं होतं.

टोळी गावी परतली तेव्हा मी तिकडच्या अंगणवाडी सेविकेला फोन केला. वजन, दंड, औषधं सगळं सांगितलं. पावसाळ्यात तिचाच उलटा फोन आला. चिमीचा दंड पिवळ्या पट्ट्यात आला होता, 12 च्या थोडा वर. चालायला लागली होती. बहिणीचं नाव शाळेत परत घातलं होतं. मी विचारलं, दसऱ्यानंतर काय? सेविका म्हणाली, उचल घेऊन झालीय, जोडी जाणार. आजी गावाकडं दोघींना घेऊन थांबायला तयार आहे, पण तिचे डोळे कमी झालेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं तर जमेल. कुठल्या शिबिरात नाव घालता येईल ते बघायचं मी कबूल केलं. आणि ते नाही जमलं आणि चिमी परत इकडंच आली तर टोळी कुठल्या गावाला उतरणार, ते मुकादमाला विचारून ठेवायला तिला सांगितलं, म्हणजे इथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात तिच्या कोपीवर पाठवता येईल.